इन्शुलिन, मधली सुट्टी आणि शाळेतील परिचारिका

शाळेतील परिचारिकेचा विचार बहुधा आरोग्यसेवेच्या अंगाने होतो. प्रत्यक्षात अमेरिकेत हे पद हजेरीपटाच्या चिंतेतून जन्माला आले. न्यूयॉर्क शहरात १८९७ पासून डॉक्टर शाळाशाळांतून मुलांची तपासणी करीत आणि खुपरी, म्हणजे पापण्यांच्या आतल्या बाजूस खरखरीत फोड आणणारा संसर्गजन्य नेत्ररोग, किंवा खरूज, नायटा, डोक्यातल्या उवा असे काही आढळले की मुलाच्या हाती चिठ्ठी देऊन त्याला घरी पाठवीत. ही घरे बहुतांशी युरोपातून नुकत्याच आलेल्या स्थलांतरितांची होती. चिठ्ठी वाचणारे कोणी घरात असेलच असे नव्हते, आणि वाचता आली तरी औषध कुठून आणायचे व कसे लावायचे हे समजावून सांगणारे कोणी नव्हते. त्यामुळे संसर्ग रोखण्यासाठी सुरू झालेल्या तपासणीने हजारो मुले शाळेबाहेर काढली आणि त्यांना परत आणण्याची व्यवस्था मात्र कोणाकडेच नव्हती. गरीब वस्तीत परिचारिकांचे केंद्र चालवणाऱ्या लिलियन वाल्ड यांनी ऑक्टोबर १९०२ मध्ये आपल्या केंद्रातील लीना रॉजर्स यांना एका महिन्याच्या प्रयोगासाठी चार शाळांमध्ये पाठवले. रॉजर्स किरकोळ आजारांवर शाळेतच उपचार करीत, आणि शाळा सुटल्यावर मुलांच्या घरी जाऊन आयांना मलम लावण्याची, केस धुण्याची रीत दाखवीत. शहरातील शाळांमधून आजारपणामुळे घरी पाठवलेल्या मुलांची संख्या सप्टेंबर १९०२ मध्ये दहा हजारांवर होती. प्रयोग वाढवून आणखी परिचारिका नेमल्यानंतर, सप्टेंबर १९०३ मध्ये, ती अकराशेवर आली. औषधे तीच होती आणि डॉक्टरही तेच होते.

या आरंभाचे महत्त्व इतिहासापुरते नाही. शाळेतील परिचारिका नेमके काय करते, या प्रश्नाचे जे उत्तर १९०२ मध्ये मिळाले त्याचा विसर पुढच्या शतकात वारंवार पडत गेला, आणि आज मधुमेही मुलांच्या निमित्ताने जो वाद चालतो त्याच्या मुळाशी हा विसर आहे. वाद सहसा सुईभोवती फिरतो: इंजेक्शन परिचारिकेने द्यावे, की शिक्षकाने, की मुलाने स्वतः? सुई हा या कामाचा सर्वांत दिसणारा आणि सर्वांत सोपा भाग आहे. अवघड भाग सुईच्या आधी आणि नंतर असतो. तो करणारी व्यक्ती शाळेत नसेल तर तो भाग नाहीसा होत नाही, तो कोणाच्या तरी अंगावर पडतो, आणि ज्याच्या अंगावर पडतो त्याचे नाव कोणत्याही जमाखर्चात नोंदले जात नाही.

मुलांमध्ये प्रामुख्याने आढळणाऱ्या टाइप १ मधुमेहात शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती स्वादुपिंडातील इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट करते. या मुलांना इन्शुलिन बाहेरून आयुष्यभर द्यावे लागते. पथ्य, व्यायाम किंवा गोळ्या यांपैकी काहीही त्याची जागा घेऊ शकत नाही. गोड खाल्ल्यामुळे हा आजार होतो, ही समजूत जितकी सार्वत्रिक तितकीच चुकीची आहे. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटो येथे लेनर्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला पहिले इन्शुलिन टोचले गेले, त्यापूर्वी या मुलांपुढे शाळेचा प्रश्नच नव्हता, कारण निदानानंतर ती फार काळ जगतच नसत. त्यानंतरची अनेक दशके बहुतेक मुले घरीच दिवसातून एक किंवा दोन इंजेक्शने घेत आणि शाळेचे तास कसेबसे निभावून नेत. हे चित्र पालटले ते १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १,४४१ रुग्णांवरील एका मोठ्या अमेरिकी संशोधनामुळे. दिवसातून तीन किंवा अधिक वेळा इन्शुलिन देऊन, किंवा पंपाने ते सतत पुरवून, रक्तातील साखर निरोगी पातळीच्या जवळ ठेवल्यास डोळे, मूत्रपिंड आणि मज्जातंतू यांची हानी पुष्कळ प्रमाणात टळते हे त्यात सिद्ध झाले. नेत्रपटलाच्या विकाराचा धोका, तो आधी नसलेल्या रुग्णांत, ७६ टक्क्यांनी घटला. त्याच संशोधनात याची किंमतही दिसली होती, आणि तिचा उल्लेख कमी होतो: साखर धोकादायकरीत्या खाली जाण्याचे तीव्र प्रसंग काटेकोर उपचारांच्या गटात सुमारे तिप्पट झाले. या दोन निष्कर्षांचा एकत्रित परिणाम असा की दुपारचे इन्शुलिन आणि दुपारचा धोका, दोन्ही एकाच वेळी शाळेच्या दारातून आत आले, आणि शाळांना याची कोणतीही पूर्वसूचना नव्हती.

तो धोका कसा असतो हे मधल्या सुट्टीतील एका साध्या प्रसंगावरून दिसते. नऊ वर्षांच्या मुलीला जेवणापूर्वी इन्शुलिन घ्यायचे आहे. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या प्रमाणानुसार दर पंधरा ग्रॅम कर्बोदकांना, म्हणजे पोळी, भात, बटाटा, फळे यांतील साखर बनणाऱ्या घटकांना, एक युनिट द्यायचे असते. डब्यात साठ ग्रॅम असतील तर चार युनिट. इथवर हा तिसरीतला भागाकार आहे. पण बोटातून थेंबभर रक्त काढून तपासल्यावर साखर ६२ मिलिग्रॅम भरते, आणि सत्तरच्या खाली ती कमी समजली जाते. तेव्हा आधी सुमारे पंधरा ग्रॅम जलद पचणारी साखर, म्हणजे ग्लुकोजच्या गोळ्या किंवा अर्धा कप फळांचा रस, देऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायला हवे. इन्शुलिन तोवर थांबवावे लागते. त्यातच जेवणानंतरचा तास खेळाचा आहे आणि धावपळीने साखर आणखी उतरते, म्हणून मात्रा किती कमी करायची हे ठरवायचे आहे. मुलगी चिडचिडी झाली आहे, तिला तपासून घ्यायचे नाही. हा हट्ट आहे की साखर उतरल्याचेच लक्षण, याचा निर्णयही त्याच दोन मिनिटांत व्हायचा असतो. याउलट साखर तीनशेच्या वर असेल आणि पोट दुखत असेल, तर लघवीतील कीटोन तपासायला हवेत. इन्शुलिनअभावी शरीर चरबी जाळू लागले की ही आम्ले साठतात आणि काही तासांत मूल अत्यवस्थ होऊ शकते. 'पोट दुखतंय, जरा पडून राहा' हा एरवी निरुपद्रवी असलेला सल्ला इथे जीवघेणा ठरू शकतो.

या सगळ्यात सुई टोचण्याला लागतात ते काही सेकंद, आणि ते कौशल्य समंजस प्रौढाला थोड्या दिवसांत शिकवता येते. असंख्य आईबाप निदानाच्या पहिल्याच आठवड्यात ते शिकतात. कृती आणि निर्णय यांतील हा फरक परिचर्याशास्त्राला चांगला ठाऊक आहे: प्रशिक्षित साहाय्यकाकडे कृती सोपवता येते, परंतु रुग्णाच्या स्थितीचे मूल्यमापन, त्यावरून काढायचा निष्कर्ष आणि सोपवलेल्या कामाची जबाबदारी परिचारिकेकडेच राहते. पण शाळांच्या अंदाजपत्रकांना हा फरक दिसत नाही. त्यांना फक्त 'इंजेक्शन देणारी व्यक्ती' दिसते, आणि ती स्वस्तात मिळाल्यास प्रश्न सुटला असे वाटते.

कॅलिफोर्नियातील एक खटला या दृष्टीने मुळातून अभ्यासण्यासारखा आहे. अमेरिकेत १९७३ च्या पुनर्वसन कायद्याच्या कलम ५०४ नुसार सरकारी अनुदान घेणाऱ्या शाळेला अपंगत्वाच्या कारणावरून भेदभाव करता येत नाही, आणि मधुमेह या संरक्षणात मोडतो. शाळेच्या वेळेत इन्शुलिन मिळण्याची व्यवस्था हा त्यामुळे मुलाचा हक्क ठरतो. परंतु कॅलिफोर्नियात परिचारिकाच नव्हत्या. न्यायालयापुढे आलेल्या माहितीनुसार पूर्णवेळ परिचारिका असलेल्या शाळा फक्त ५ टक्के होत्या, ६९ टक्के शाळांत ती अर्धवेळ येई आणि २६ टक्के शाळांत मुळीच नव्हती. पालकांनी २००५ मध्ये दावा दाखल केला. २००७ मध्ये तडजोड होऊन राज्याच्या शिक्षण विभागाने, परिचारिका उपलब्ध नसल्यास प्रशिक्षित शालेय कर्मचाऱ्यांनीही इन्शुलिन द्यावे, अशी सूचना काढली. त्याविरुद्ध परिचारिकांच्या संघटना न्यायालयात गेल्या. विनापरवाना व्यक्तीने इन्शुलिन देणे हा परिचर्या कायद्याचा भंग आहे, हा त्यांचा मुद्दा दोन न्यायालयांनी मान्य केला आणि ऑगस्ट २०१३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने फेटाळला.

निकाल योग्य होता, असे म्हणायला हवे. परिचारिका नाही म्हणून इन्शुलिन नाही, आणि इन्शुलिन नाही म्हणून शाळा नाही, ही साखळी १९०२ पूर्वीच्या न्यूयॉर्कची होती, आणि आपल्या व्यवसायाच्या सीमा राखण्याच्या भरात परिचारिकांच्या संघटना नकळत तिच्याच बाजूने उभ्या राहिल्या. तरीही त्यांची भीती खोटी नव्हती. इन्शुलिनच्या मात्रेत दशांशचिन्हाची चूक झाली, अर्ध्या युनिटच्या जागी पाच युनिट गेले, तर काय होईल हे त्यांना कागदावरून नव्हे तर वॉर्डातून माहीत होते. शिवाय, साहाय्यकाला शिकवणार कोण, त्याने केलेले काम तपासणार कोण आणि मुलाची गरज बदलली की योजना बदलणार कोण, या प्रश्नांना निकालाने उत्तर दिले नाही. ते देणे न्यायालयाचे काम नव्हतेही. सर्वांत दुर्लक्षित राहिली ती खटल्यामागची पार्श्वभूमी, म्हणजे तोवर ही कामे करीत असलेले पालक: रोज दुपारी काम सोडून शाळेत येणारे, किंवा नोकरीच सोडणारे. इथे 'पालक' हा शब्द व्याकरणाने पुल्लिंगी असला तरी दुपारी शाळेच्या फाटकापाशी उभी असते ती बहुधा आई.

हा अदृश्य भार पैशात मोजण्याचा एक गंभीर प्रयत्न मॅसॅच्युसेट्स राज्यात झाला. तेथील पूर्णवेळ परिचारिकांच्या शालेय कार्यक्रमाचा २००९–१० या वर्षाचा ताळेबंद २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि एका डॉलरच्या खर्चामागे समाजाला सुमारे २.२० डॉलरचा लाभ झाल्याचे त्यात आढळले. लाभाची फोड त्याहून बोलकी आहे. कार्यक्रमाचा खर्च ७ कोटी ९० लाख डॉलर होता. वैद्यकीय खर्चातील बचत जेमतेम २ कोटींची, पालकांच्या वाचलेल्या कामाच्या वेळेचे मोल सुमारे २ कोटी ८० लाखांचे, आणि शिक्षकांच्या वाचलेल्या वेळेचे तब्बल १२ कोटी ९० लाखांचे. म्हणजे परिचारिकेचे समर्थन केवळ दवाखान्याच्या बिलांवरून केले असते तर ती तोट्याचा व्यवहार ठरली असती. असे हिशेब गृहीतकांवर उभे असतात आणि शिक्षकाच्या मिनिटाला भाव लावण्याच्या पद्धतीबद्दल मतभेद होऊ शकतात. पण परिचारिका नसताना तिचे काम कोण करीत होते, एवढे तरी त्या आकड्यांवरून लपून राहत नाही.

मधुमेहाबद्दल जे खरे आहे ते इतर दीर्घकालीन आजारांबद्दलही थोड्याफार फरकाने खरे आहे. दम्याच्या मुलाचा पंप मुख्याध्यापकांच्या कपाटात कुलूपबंद असेल तर तो नसल्यासारखाच असतो. अपस्माराच्या झटक्यात मुलाला दाबून न धरता कुशीवर वळवावे आणि किती मिनिटे झाली ते घड्याळात पाहावे, हे कोणाला तरी आधी माहीत असावे लागते. इंग्लंडने २०१४ च्या कायद्याने आजारी मुलांना आधार देण्याचे कर्तव्य परिचारिकेवर न टाकता शाळेच्या व्यवस्थापनावर टाकले, आणि पुढे शाळांना दम्याचा पंप व तीव्र ॲलर्जीवरचे ॲड्रेनॅलिन राखीव ठेवण्याची मुभा दिली. त्वचेखाली बसवलेल्या संवेदकाने दर काही मिनिटांनी साखर मोजून ती फोनवर दाखवणारी यंत्रे आता आली आहेत, म्हणून परिचारिकेची गरज उरली नाही, असाही युक्तिवाद होतो. यंत्र आकडा देते आणि बाण देते. आकडा खाली चालला आहे हे एकाच वेळी मुलाला, कार्यालयात बसलेल्या आईला आणि शाळेला कळते, आणि मग तिघांपैकी कोणी काय करायचे हा जुनाच प्रश्न अधिक वेळा आणि अधिक घाईने विचारला जातो.

भारतात या विषयाची सुरुवात उशिरा झालेली नाही. शाळकरी मुलांची पहिली वैद्यकीय तपासणी १९०९ मध्ये बडोद्यात, सयाजीराव गायकवाडांच्या राज्यात झाली; लीना रॉजर्स यांच्या प्रयोगानंतर अवघ्या सात वर्षांनी. पण १९४६ मध्ये देशातील आरोग्यसेवेची पाहणी करणाऱ्या भोर समितीला शालेय आरोग्यसेवा जवळजवळ अस्तित्वातच नसल्याचे आढळले, आणि त्यानंतर जे उभे राहिले ते तपासणीच्याच साच्यातले. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात डॉक्टर, परिचारिका व औषधनिर्माता यांचे फिरते पथक वर्षातून एकदा शाळेत येते, जन्मजात व्यंगांपासून दातांच्या तक्रारींपर्यंत अनेक दोष शोधते आणि पुढच्या रुग्णालयात पाठवते. हे काम मोलाचे आहे, पुष्कळ मुलांच्या हृदयशस्त्रक्रिया त्यातून झाल्या आहेत. परंतु वर्षातून एकदा येणारी व्यक्ती रोज दुपारी लागणाऱ्या निर्णयाच्या कामाची नाही. २०२० पासूनच्या आयुष्मान भारत शालेय कार्यक्रमात प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांना आरोग्यदूत म्हणून प्रशिक्षण देण्याची योजना आहे, पण त्यांचे काम वर्गाला आरोग्याचे धडे देण्याचे. वर्गातल्या एका विशिष्ट मुलाची जबाबदारी घेण्याचे नाही.

नियमांच्या बाजूने काही पावले पडली आहेत. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१७ मध्ये टाइप १ मधुमेही विद्यार्थ्यांना परीक्षागृहात साखरेच्या गोळ्या, फळ, खाण्याचा पदार्थ आणि पाण्याची बाटली नेण्यास परवानगी दिली. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाच्या सूचनेनंतर उत्तर प्रदेशाने २०२३ मध्ये अशा मुलांना वर्गात ग्लुकोमीटर व इन्शुलिन बाळगू द्यावे आणि मधल्या वेळी खाऊ द्यावे, असा आदेश काढला. या परवानग्या आवश्यक आहेत, पण त्यांचे स्वरूप 'मुलाला अडवू नका' एवढेच आहे. कोणी काय करावे याबाबत त्या मौन पाळतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील एकवीस प्रकारांत हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि सिकलसेल आहेत, मधुमेह नाही. म्हणजे अमेरिकेतील पालकांना जे कलम हाती धरून न्यायालयात जाता आले, तशी पकड येथील पालकांना नाही.

आणि येथील निर्णय अमेरिकेतल्यापेक्षा सोपे नाहीत. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलासाठी १०० ग्रॅम तांदूळ आणि २० ग्रॅम डाळ धरलेली असते, म्हणजे सुमारे ९० ग्रॅम कर्बोदके. पण खिचडी वाढली जाते ती पळीने, कोणी एक पळी खाते, कोणी दोनदा मागते, आणि इन्शुलिन जेवणाआधी घ्यायचे असते. कुपीतले इन्शुलिन भारतात अजूनही मोठ्या प्रमाणावर एका मिलिलिटरला ४० युनिट या तीव्रतेचे मिळते आणि त्याची सिरिंज लाल टोपणाची असते. १०० युनिटच्या इन्शुलिनची सिरिंज केशरी टोपणाची. दुकानातून एका तीव्रतेची कुपी आणि दवाखान्यातून दुसऱ्या तीव्रतेची सिरिंज आली, तर रेघा बरोबर मोजूनही मात्रा अडीचपट होऊ शकते. विदर्भात उन्हाळ्यात शाळा सुटण्याच्या सुमारास वर्गखोलीचे तापमान इन्शुलिनला सोसणारे नसते; ते पाणी भरलेल्या मडक्यात ठेवण्याची पद्धत अनेक घरांना ठाऊक आहे, शाळांना क्वचितच. या तिन्ही गोष्टी एका दुपारी समजावून देता येतील अशा आहेत. ते समजावून देणारी व्यक्ती नेमलेली नाही, एवढेच.

महाराष्ट्रात लाखभर शाळा आहेत. प्रत्येकीत परिचारिका ही मागणी ऐकायला भारदस्त असली तरी ती करणे म्हणजे काहीच न मागण्यासारखे आहे. व्यवहार्य मागणी वेगळी असू शकते. शाळांची केंद्रांमध्ये विभागणी आधीच झालेली आहे आणि दहा-बारा शाळांमागे एक केंद्रप्रमुख शैक्षणिक देखरेखीसाठी असतो. त्याच पातळीवर एक परिचारिका असावी. दीर्घकालीन आजार असलेल्या प्रत्येक मुलाची लेखी योजना तिने डॉक्टर व पालकांशी बोलून तयार करावी, त्या शाळेतील दोन-तीन जणांना, त्यांत स्वयंपाकीण ताईंनाही, त्या एका मुलापुरते शिकवावे आणि दर महिन्याला तपासावे. आरोग्य उपकेंद्रातील एएनएमवर, म्हणजे साहाय्यक परिचारिकेवर, हे काम सोपवण्याचा मोह होईल. लसीकरण, गर्भवतींची नोंद आणि रोज वाढणारी ऑनलाइन माहिती यांत ती आधीच बुडालेली असताना तिच्या यादीत आणखी एक ओळ वाढवणे म्हणजे काम कागदावर झाल्याचे दाखवणे होय. शिक्षकांचा विरोधही गैर म्हणता येणार नाही, कारण जनगणनेपासून निवडणुकीपर्यंतची अशैक्षणिक कामे त्यांच्यावर आहेत आणि इंजेक्शन चुकले तर आपल्यावर खटला होईल ही भीती खरी आहे. लेखी योजनेप्रमाणे, प्रशिक्षण घेऊन, सद्हेतूने मदत करणाऱ्या कर्मचाऱ्याला कायदेशीर संरक्षण मिळाल्याशिवाय त्यांनी पुढे यावे अशी अपेक्षा धरणे रास्त नाही.

सुरुवात कुठून करायची, हे आजवर तो भार कोणी उचलला यावरून ठरवता येईल. शहरातल्या शाळेत आई फाटकापाशी उभी राहते, निदान राहू शकते. आदिवासी विकास विभागाच्या आश्रमशाळेत मूल घरापासून दूर, मुक्कामी असते. तिथे दुपारच्या मात्रेबरोबर रात्री दोन वाजता उतरणारी साखरही येते, आणि जवळ असते ती शेकडो मुलींची राखण करणारी एकटी अधीक्षिका. सिकलसेलची मुलेही याच वसतिगृहांत आहेत, ज्यांना थंडीत आणि पाणी कमी प्यायल्यावर असह्य वेदनांचे झटके येतात. मुक्कामी शाळेतील अशा मुलासाठी शासनच पालकाच्या जागी आहे, म्हणून पूर्णवेळ परिचारिका, इन्शुलिनसाठी शीतपेटी आणि रात्री उपलब्ध असणारे वाहन यांची तरतूद आधी तिथे व्हायला हवी. केंद्रनिहाय परिचारिकेच्या योजनेला लागणारी नोंदींची आणि प्रशिक्षणाची पद्धतही तिथेच सिद्ध करून पाहता येईल.